मदत हवी आहे: झोपेतलं खाजवणं थांबवण्यासाठी संमोहनात कोणती सूचना द्यावी?

रुग्ण बाई, वय 46, म्हापसा. मानेमागे रुपयाच्या नाण्याएवढा जाड, काळपट चट्टा. ताण वाढला की खाज, खाजवलं की कातडी अजून जाड, मग पुन्हा खाज. निदान न्यूरोडर्मटायटिस (सतत खाजवून कातडी जाड होण्याचा विकार), बुरशी नाही, साखर-थायरॉइड नॉर्मल. क्लोबेटासॉल (तीव्र स्टिरॉइड मलम) 0.05 टक्के दोन आठवडे लावल्यावर कमी झालं, बंद करताच महिन्यात परत. कातडी पातळ होते, म्हणून तेच रेटायचं नाही. व्हॅसलीन चालू, नखं कापलेली.

सहा आठवडे स्वसंमोहन केलं: रात्री 15 मिनिटं शिथिलीकरण, मग ‘मानेवर ओला गार रुमाल आहे’ ही सूचना. दिवसाची खाज निम्म्यावर आली. आधीची ‘खाजवू नकोस’ मात्र उलटली. नको म्हटलं की लक्ष तिथंच जातं. अडलंय ते झोपेत: सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके.

फिट्स किंवा मनोविकाराचा इतिहास नाही. संमोहन औषधांच्या जोडीलाच, बदल्यात नव्हे.

झोपेत हात वर गेला की आपोआप उशीच मुठीत धरली जावी, अशी सूचना कुणी बसवली आहे का? नेमके शब्द काय, आणि किती आठवडे वाट पाहावी? शिवाय पणजी-म्हापशाकडे कोंकणी-मराठीतून संमोहन करणारे, आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुठे मिळतील?