चीनमधले पारंपरिक सण टिकवायला सुट्टी पुरते का?

कुतूहल:
चीनमधल्या मोठ्या शहरांत डिसेंबर लागला की दुकानांत ख्रिसमसची झाडं उभी राहतात आणि १४ फेब्रुवारीला गुलाब खपतात. मुख्य भूमीवर नाताळची सरकारी सुट्टी नाही, तरीही. उलट दुआनवू (ड्रॅगन नौकांचा सण) आणि मध्य-शरद (शरदातल्या पौर्णिमेचा, चंद्र पाहण्याचा सण) यांना सुट्टी असूनही कित्येक घरांत ते विकतच्या खाऊपुरते उरलेत. मग सुट्टीने नेमकं साधलं काय? घरात, शाळेत काय करता येईल? कृती, मापं आणि कुठे बिघडतं ते सांगा, भाषण नको.

पंचांगवाचक:
सुट्टीने दिवस परत मिळाला, आणि ही लहान गोष्ट नाही. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने सौर कॅलेंडर स्वीकारलं. तेव्हा वर्षारंभाचं जुनं नाव 'युआनदान' १ जानेवारीकडे गेलं आणि चांद्र नववर्ष 'वसंतोत्सव' झालं. बाकीचे सण कित्येक दशकं कामाच्या दिवशीच यायचे. २००५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गांगनुंगच्या दानो उत्सवाला (हा दुआनवूचाच कोरियन भाऊबंद) युनेस्कोची मान्यता मिळाली, तेव्हा चीनमध्ये दुआनवूवरून मोठी चर्चा पेटली. १ जानेवारी २००८ पासून छिंगमिंग (पूर्वजांच्या कबरी साफ करायचा सण), दुआनवू आणि मध्य-शरद यांना प्रत्येकी एक दिवस मिळाला. त्यासाठी मे दिनाची तीन दिवसांची सुट्टी एकावर आणली. २०२५ पासून वर्षाच्या सुट्ट्या ११ च्या १३ झाल्या, त्यातली एक वसंतोत्सवाच्या आदल्या दिवसाची. रात्रीचं कुटुंबाचं जेवण त्याच दिवशी असतं, म्हणून ही सुट्टी मला सर्वांत मोलाची वाटते.

बहिष्काराने मात्र काही हाती लागत नाही. २००६ च्या डिसेंबरात दहा पीएचडी विद्यार्थ्यांनी नाताळविरोधात पत्रक काढलं, त्यानंतरही झाडं लागतच राहिली. नाताळच्या आदल्या रात्री तिथली तरुण मुलं एकमेकांना सफरचंद देतात, ते नीट पाहा. त्या रात्रीचं चिनी नाव 'पिंगआन ये', म्हणजे शांततेची रात्र, आणि सफरचंद म्हणजे 'पिंगग्वो'. तारीख परकी, पण उच्चारावरून शुभ धरायची रीत अस्सल चिनी. नववर्षाला मासा करतात तोही 'यू' या उच्चारात मासा आणि शिल्लक दोन्ही आहेत म्हणून. सोपी, हातात धरता येणारी कृती मिळाली की सण रुजतो. जुन्या सणांत अशा कृती भरपूर आहेत, त्या बाहेर काढायला हव्यात.

वेळूपान:
दुआनवू म्हणजे पाचव्या चांद्रमहिन्याची पंचमी. त्या दिवशीचा खाऊ झोंगझी, म्हणजे पानात बांधून उकडलेला चिकट तांदूळ. ती विकत आणली तर सण दहा मिनिटांत उरकतो, घरी बांधली तर अख्खी दुपार जाते. म्हणून घरीच बांधा.

एक किलो चिकट तांदळाची मध्यम आकाराची साधारण २० होतात. तांदूळ चार तास भिजवा. बांबूची सुकी पानं रात्रभर पाण्यात ठेवा, मग पाच-दहा मिनिटं उकळा. ही पायरी गाळली की वळवताना पान उभं फाटतं. देठाचं टोक कापा. दोन पानं अर्धी एकमेकांवर, गुळगुळीत बाजू आत, आणि शंकू. टोकाला भोक राहिलं तर सगळा तांदूळ तिथूनच गळतो, म्हणून आधी पान तिथे दुमडून घ्या आणि तळाशी एक लाल बोर बसवा.

खरी मेख दोरीत आहे. सैल बांधलं तर पाणी शिरून आत लगदा होतो. करकचून आवळलं तर तांदळाला फुगायला जागा राहत नाही आणि मधला दाणा कच्चा राहतो. बोटाने दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे.

टोपात पाणी दोन बोटं वर, वरून ताटलीचं वजन. साधी दोन तास, मांसाची तीन तास, मंद आचेवर. पाणी आटलं तर उकळतंच घाला. गार घातलं की शिजणं अडतं. आच बंद केल्यावर तासभर त्याच पाण्यात राहू द्या.

उत्तरेत बोरं किंवा लाल घेवड्याचा गोड गर घालतात, दक्षिणेत डुकराचं मांस आणि खारवलेल्या अंड्याचा बलक. यावर भांडू नका, दोन्ही बांधा. लहान मुलांच्या मनगटाला पाच रंगांचा धागा आणि दाराला वेखंडाची तलवारीसारखी पानं, हे त्याच दिवशी.

कुतूहल:
शाळेत चूल-टोप जमणार नाही. नाताळच्या सुमाराला करण्यासारखं काही?

एक्याऐंशी पाकळ्या:
डोंगझी, म्हणजे हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस. तो २१ ते २३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, नाताळच्या अगदी शेजारी. उत्तरेत त्या दिवशी डंपलिंग खातात, पण वर्गासाठी थंडी मोजायचा तक्ता करा. एक फांदी, तिला प्लमची ९ फुलं, प्रत्येक फुलाला ९ पाकळ्या. डोंगझीपासून रोज एकच पाकळी रंगवायची. ८१ व्या दिवशी फांदी पूर्ण लाल आणि थंडी सरलेली.

हवामानही नोंदवता येतं. फुलाऐवजी वर्तुळ काढा: ढगाळ असेल तर वरचा भाग भरा, ऊन असेल तर खालचा, वारा डावीकडे, पाऊस उजवीकडे, बर्फ मध्यभागी.

अक्षरांचा प्रकारही आहे, ९ अक्षरं आणि प्रत्येकाला ९ रेघा. तिथे हमखास चूक होते ती लिपीची. शेवटचं अक्षर 'फंग' (वारा) जुन्या लिपीत ९ रेघांचं आहे, सोप्या लिपीत ४ चं, हिशेब कोलमडतो. जुनीच लिपी घ्या.

तक्ता वर्गाच्या दारापाशी लावा, ब्रश दोरीने तिथेच बांधून ठेवा. सगळ्यांनी मिळून रंगवायचा ठरवला की कुणीच रंगवत नाही; एका मुलाकडे एक फूल, म्हणजे ९ दिवस. वसंतोत्सव याच ८१ दिवसांत येतो, त्यामुळे सुट्टीतल्या पाकळ्या कोण भरणार ते आधी ठरवा, नाहीतर तक्ता तिथेच थांबतो.

पंचांगवाचक:
एक भर. चीशीला (सातव्या महिन्याची सप्तमी) 'चिनी व्हॅलेंटाईन' म्हणून विकू नका. गुराखी मुलगा आणि विणकर मुलगी या ताटातूट झालेल्या जोडप्याच्या भेटीची कथा आहेच, पण मुलींचं त्या दिवसाचं मागणं हस्तकौशल्याचं होतं. चांदण्यात सात छिद्रांच्या सुईत दोरा ओवायच्या. दुसरा खेळ दुपारचा: वाडगाभर पाणी उन्हात ठेवायचं, पाण्यावर सायीसारखा पातळ थर धरला की बारीक सुई आडवी, अलगद सोडायची. टोकाकडून सोडली तर बुडते. तरंगली की तळाला पडलेली सावली बघायची: ढग, फूल, पाखरू दिसलं तर हात कुशल, मुसळासारखी जाड पडली तर अजून सराव हवा.