मदत हवी आहे: छोट्या शिडाच्या बोटींना सिग्नल फ्लॅग लागतात का? (रविवारच्या आत)

भिजका_कावळा (धागाकर्ता)
थेट विचारतो. छोट्या शिडाच्या बोटींना सिग्नल फ्लॅग आजकाल खरंच लागतात का? पूर्ण संच ४० झेंड्यांचा आहे म्हणे. मुंबईच्या दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा मी फोनच ठेवला. सगळ्यांच्या खिशात मोबाईल असताना फडकी फडकवून कोण बोलतं? रविवारी हवं आहे, त्यामुळे लवकर सांगा. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये, करून झालंय.

सदाशिव_पेठी
'लागतात' म्हणजे कायद्याने की उपयोगाला? बोट केवढी? चालवता कुठे? पुण्यात समुद्र आल्याचं अजून तरी पेपरात वाचलं नाही.

निवृत्त_तारवाला
आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, आता कोथरूडला गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. ४० म्हणजे २६ अक्षरं, १० अंक, ३ पर्यायी झेंडे आणि १ उत्तराचा. १८५७ साली ब्रिटिशांनी पहिली संकेतावली काढली तेव्हा १८ झेंडे होते. आजची १९६५ ला मंजूर झाली आणि १ एप्रिल १९६९ पासून लागू आहे. रेडिओ बिघडतो, बॅटरी उतरते, कापडाला चार्जर लागत नाही. पूर्ण संच घ्या. संकटात एनच्या खाली सी चढवला की जगातल्या कुठल्याही जहाजाला कळतं.

हर्णैकर
काका, कळतं ते जहाजाला. मासेमारीच्या होडीवरचा तांडेल एन आणि सी काय वाचणार? आमच्याकडे बावटा एकच, बंदरावरचा. वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबर लागला की होडी बाहेर जात नाही, मग व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी कितीही निळं आभाळ पाठवो. धागाकर्ते, व्हीएचएफ रेडिओ सेट घ्या, चॅनल १६ वर ठेवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. विषय संपला.

सदाशिव_पेठी
व्हीएचएफला परवाना लागतो, तो कोण काढणार? आणि त्यांनी अजून बोट केवढी ते सांगितलेलंच नाही.

भिजका_कावळा
अहो तटरक्षक दल कुठून आलं मध्येच? पानशेतच्या बाजूला, धरणाच्या पाण्यात. छोटी बोट म्हणजे छोटी बोट!

कात्रजचा_घाट
धरणात बोट? जलसंपदा खात्याची परवानगी आहे का? आधी ते बघा, झेंड्यांचं नंतर. आणि पानशेतच्या पाण्याशी खेळू नये. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा आमची आजी नारायण पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर चढून बसली होती. पाणी उतरल्यावर तिला स्वतःचं तांब्याचं घंगाळ शेजारच्या बोळात सापडलं, आत चिखल काठोकाठ. ते आम्ही अजून वापरतो.

भिजका_कावळा
परवानगी आहे. आजींना नमस्कार. झेंडे?

लेझरवाली
थांबा जरा सगळे. धागाकर्ते, रविवारी शर्यत आहे का? आणि तुम्ही शर्यतीच्या बोटीत असणार की पंचांच्या?

भिजका_कावळा
पंचांच्या. सांगितलं नाही का मी? दर वर्षी जे काका हे बघायचे ते मुलाकडे बंगळुरूला गेले. जाताना माझ्या हातात एक ट्रंक ठेवली, 'सगळं आत आहे' म्हणाले. उघडली तर उंदरांनी संसार थाटलेला. वापरता येईल असा एकच झेंडा उरलाय, लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा. शिडाच्या छोट्या बोटी दोन प्रकारच्या: मुलं सहा ऑप्टिमिस्टवर, मोठे चार लेझरवर. ग्रुपवर काउंटडाउन टाकावा असा माझा विचार होता.

लेझरवाली
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर १९६९ पर्यंत जावं लागलं नसतं. :)

शर्यतीच्या बोटींना काही लागत नाही. लाल प्रोटेस्टचा (तक्रारीचा) झेंडा ६ मीटर आणि त्यावरच्या बोटींना लागतो. लेझर सव्वाचार मीटरची, ऑप्टिमिस्ट २.३ मीटरची, तिथे 'प्रोटेस्ट' असं ओरडलं की भागतं. झेंडे तुम्हाला लागतात, पंचांना. ४० मात्र नकोत.

सुरुवातीला ५ मिनिटं असताना वर्गाचा (बोटीच्या प्रकाराचा) झेंडा वर, ४ ला पी (निळ्यात पांढरा चौकोन) वर, १ ला पी खाली, शून्याला वर्गाचा खाली. प्रत्येक वेळी एक भोंगा, १ मिनिट उरतानाचा लांब. म्हणजे मुलांचा आणि मोठ्यांचा वर्गाचा धरून तीन झेंड्यांत सुरुवात होते. कुणी आधीच रेषा ओलांडली तर एक्स. सगळेच घुसले तर पहिला पर्यायी, निळ्या किनारीचा पिवळा त्रिकोण. वारा नाही म्हणून थांबवायचं तर एपी, म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा उत्तराचा झेंडा, तो तुमच्याकडे आहे, उंदरांना धन्यवाद. शर्यत लहान करायला एस, रद्द करायला एन. वर एक वाय घ्या, तो चढला की सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचंच. मुलं आहेत, तो विसरू नका.

सीओईपी_९४
पण हे सगळं अ‍ॅपवर होतं की. मुलांच्या हातात वॉटरप्रूफ घड्याळ, पंचांनी बटण दाबलं की सगळीकडे एकदम बीप. २१व्या शतकात कापड?

लेझरवाली
आठ वर्षांचं पोर एका हाताने शिडाची दोरी आणि दुसऱ्याने सुकाणू धरून बसलेलं असतं, बीप नाही झाला हे बघायला तिसरा हात कुठून आणणार? आणि नियमच असा आहे की वेळ झेंड्यावरून धरायची, भोंगा वाजला नाही तरी चालतं. कारण सोपं आहे: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रेषेच्या लांबच्या टोकाला असलेल्याला भोंगा उशिरा ऐकू येतो, झेंडा सगळ्यांना एकाच वेळी दिसतो.

सीओईपी_९४
वारा नसेल तर झेंडा लोंबतो, मग काय दिसणार?

लेझरवाली
वारा नसेल तर शर्यत तरी कुठे आहे?

पुणेरी_भाला
विषय झेंड्यांचा आहे म्हणून सांगतो, २ सप्टेंबर २०२२ ला नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि छत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आंग्र्यांच्या आरमाराला कुठे लागली होती इंग्रजी अक्षरं?

निवृत्त_तारवाला
अभिमान आहेच, पण शर्यतीत तो चढवू नये. बाकी क्यूचा पिवळा झेंडाही कुणी चढवू नका. लोकांना तो साथीचा वाटतो. आज त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: जहाज निरोगी आहे, बंदरात येऊ द्या.

सदाशिव_पेठी
करोनात आमच्या सोसायटीने गेटला पिवळं फडकं बांधलं होतं. म्हणजे वर्षभर आम्ही 'येऊ द्या' म्हणत होतो.

ढोलपथक_अमर
शिवायचं सांगतो, पथकाचे ध्वज मी बघतो. बोहरी आळीत दोरी-कड्या मिळतात, रविवार पेठेत कापड. सुती घेऊ नका, भिजलं की काठीला चिकटतं. आणि चौकोन नुसता वरून शिवू नका. मागचं कापड कापून काढायला सांगा, नाहीतर उन्हात दोन्ही रंग एकमेकांतून दिसतात आणि लांबून नुसता काळपट डाग वाटतो. गणपतीनंतर शिंपी मोकळे असतात, आज टाकलंत तर शनिवारी मिळेल.

भिजका_कावळा
आज टाकले. धन्यवाद अमर.

भिजका_कावळा (शनिवार, रात्री)
घोळ झालाय. शिंप्याला फोनवर 'निळ्यात पांढरा चौकोन' सांगितलं होतं, त्याने पांढऱ्यात निळा केला. मागचं कापड मात्र व्यवस्थित कापलंय. मी कुरकुर केली तर म्हणाला, 'साहेब, रंग तेच आहेत की.' आता पी नाही. काय करू?

लेझरवाली
पांढऱ्यात निळा म्हणजे एस! तो दुसरा मागवलाच होता ना?

भिजका_कावळा
मागवला होता. तोही पांढऱ्यात निळाच आहे. म्हणजे एस दोन.

ढोलपथक_अमर
एका एसची उसवण करा. मधला निळा चौकोन काढून ठेवा, बाहेरचा पांढरा फेका. घरात दुसरं निळं कापड असेल त्यातून बाहेरची चौकट कापा, मध्ये जुन्या चादरीचा पांढरा तुकडा. एका रात्रीचं काम आहे, टाके लहान घाला.

सदाशिव_पेठी
मग निळा चौकोन कशाला काढून ठेवायचा?

भिजका_कावळा (सोमवार)
झालं एकदाचं. बायकोच्या जुन्या ओढणीचा निळा निघाला, किंचित मोरपंखी. मुलांनी पहिल्याच वेळी 'काका, पी!' म्हणून ओरडून दाखवलं. भोंग्याचा गॅस दुसऱ्या शर्यतीत संपला, पुढे मी शिट्टी फुंकत होतो. लेझरवाल्यांच्या शेवटच्या शर्यतीत वारा पडला, तेव्हा दुसऱ्या बोयापाशी एस चढवून तिथेच संपवली. ओढणीची भरपाई अजून व्हायची आहे.

नवीन_सभासद_०७
छान माहिती. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, पोहता येत नाही. शिकवता का? फी किती?

भिजका_कावळा
आधी पोहणं. मग नवीन धागा काढा, वय पहिल्या ओळीत लिहा.