चोणक पिंजऱ्यात वाढवायचा की मानशीवर राखायचा?

खाजनकर, पेडणे

गेल्या महिन्यात आमच्या गावात मत्स्यपालनाची माहिती द्यायला बैठक झाली. पिंजऱ्यातला चोणक (जिताडा), व्हॅनामी कोळंबी, बायोफ्लॉकच्या टाक्या असे सगळे तासभर सांगितले. मानशीचा, म्हणजे नदीच्या बांधातल्या भरती-ओहोटीच्या दाराचा, शब्द एकदाही निघाला नाही. मी उठून विचारले, तर "ती पारंपरिक पद्धत झाली" एवढ्यावर विषय संपवला. तेव्हापासून हे डोक्यात घोळतेय, म्हणून इथे मांडतो.

माझे म्हणणे असे की गोव्यात मासळीच्या संशोधनावर जो पैसा खर्च होईल, त्यातला पहिला वाटा खाजनांना (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींना) आणि मानशींना मिळाला पाहिजे. पिंजऱ्यांचे नंतर बघू.

गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन धरतात. ज्यांनी मानस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीच्या बांधात चिऱ्यांचे बांधकाम आणि त्यात मत्तीच्या लाकडाची दारे. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दार मिटते, ओहोटीला आतले पाणी ढकलून उघडते. ना मोटर, ना वीज. भरतीला हवे तेवढेच खारे पाणी आत घ्यायचे आणि ओहोटीला तोंडाशी पिशवीचे जाळे लावायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लहानपणी मी वडिलांबरोबर रात्री जायचो. बॅटरी मारली की जाळ्यात सुंगटांचे (कोळंब्यांचे) डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकायचे. तेवढ्या पाण्यातून सुंगटे, शेवटे, काळुंदर आणि नशीब असेल तर एखादा चोणक मिळायचा. पावसाळ्यात त्याच जमिनीत कोरगुट भात. मासळीला विकतचे खाद्य लागत नव्हते.

आता मुख्य मुद्दा. चोणक अंडी घालायला नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात जातो. पिल्ले मात्र वाढायला खाड्यांत, खारफुटीत आणि खाजनात शिरतात. म्हणजे खाजन ही त्याची बालवाडी आहे. ती मोडली तर नदीत चोणक कुठून येणार? मानशीच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचे माप, किती असावा, महिन्यात किती रात्री जाळे लावूच नये, दार किती वेळ उघडे ठेवले तर भातही वाचेल आणि पिल्लेही वाचतील, याचा आमच्या गावात येऊन अभ्यास कोण करतो?

पिंजरेवाला, काणकोण

भाऊ, लिहिलेय मनापासून. पण ज्या मानशीची गोष्ट तुम्ही सांगता ती आमच्या आजोबांच्या काळातली. आज काय आहे ते मी सांगतो. बांध फुटलेत, आत खारफुटी वाढलीय, भात कोण लावत नाही. पावणीत (लिलावात) मानस घेतलेला माणूस वर्षभरात पैसे वसूल करायला बघतो. त्याला शेतीचे काय पडलेय? दार दिवसरात्र उघडे ठेवतो, खारे पाणी आत भरतो, पाच वर्षांत जमीन शेतीच्या कामाची राहत नाही. हे तुमच्या तालुक्यातही होते, खोटे असेल तर सांगा.

मी कारवारला जाऊन सीएमएफआरआय या सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे पिंजरे स्वतः पाहून आलो. सहा मीटर व्यासाचा गोल पिंजरा आणि त्यात चोणकाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले). चोणक गोड्या पाण्यात जगतो, समुद्रातही जगतो, त्यामुळे आपल्या खाड्यांना तो चालतो. चेन्नईच्या सीबा संस्थेने १९९७ मध्ये आपल्याच देशात त्याचे प्रजनन करून दाखवले, म्हणजे हे ज्ञान बाहेरून उसने आणलेले नाही. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. माझ्यासारख्या बिनजमिनीच्या माणसाला बोटीसाठी कर्ज कोण देतो? पिंजऱ्याला मिळाले.

पहिल्या वर्षी मी मार खाल्ला. चोणक आपल्याच भावंडांना गिळतो, स्वतःच्या लांबीच्या दोन-तृतीयांशापर्यंतचे पिल्लू सहज. वेळच्या वेळी लहान-मोठे वेगळे केले नाहीत आणि निम्मी बोटुकली गेली. ते मला कोणी आधी नीट समजावले नव्हते. दुसऱ्या वर्षी दर आठ-दहा दिवसांनी चाळण केली आणि माल निघाला. असे शिकवणारे संशोधन मला हवे आहे. मानस तुम्ही जरूर वाचवा, पण तोपर्यंत आम्ही उपाशी बसायचे का?

कुटबण जेटी

दोघेही खाडीतच अडकलात. गोव्याचे ताट भरते ते समुद्रातून, बांगडा आणि तारलीने. केरळात २०१२ साली तारली चार लाख टनांच्या जवळ गेली होती, २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा मिळाली नाही. समुद्र तापला हे एक कारण आणि लहान मासळी उपसली हे दुसरे. आपल्याकडे वेगळे काय होणार?

मी ट्रॉलरवाला आहे, तरी सांगतो. जाळ्याच्या शेपटीला साधा, पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरपा आस असतो, तो ओढताना ताणून मिटतो. कागदावर कितीही मिलिमीटर लिहा, पाण्यात तो बंदच. तोच आस चौकोनी, बाजू उभी-आडवी ठेवून शिवला तर उघडा राहतो आणि बारीक मासळी निसटते. कोचीच्या सीआयएफटी या मासेमारी तंत्रज्ञान संस्थेने ४० मिलिमीटरचा चौकोनी आस सुचवून किती वर्षे झाली! आपल्या कायद्यात मासळीला २४ आणि कोळंबीला २० मिलिमीटर आहे, तोही जेटीवर कोण मोजतो? एलईडी दिवे लावून मासळी पकडण्यावर केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली, तरी रात्री समुद्राकडे बघा. जून-जुलैचे ६१ दिवस आम्ही बोट बांधून ठेवतो आणि १ ऑगस्टला बाहेर पडल्यावर पहिल्याच ओढीत वीतभरही नसलेले बांगडे येतात. पहिला पैसा इथे लावा.

खाजनकर, पेडणे

कुटबणकर, चौकोनी आसाचे तुमचे म्हणणे मला शंभर टक्के पटले. पण पिंजऱ्यातला चोणक काय खातो ते विचारा. स्वस्त बारीक मासळी. एक किलो चोणकासाठी पाच-सहा किलो. ती येते कुठून? तुमच्याच जाळ्यातून. जी तारली गरिबाच्या हुमणात (कालवणात) पडायची ती पिंजऱ्यात जाऊन श्रीमंताच्या ताटातला चोणक होते. याला शाश्वत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पिंजरेवाला, काणकोण

हे अर्धे खरे. मी आता गोळीखाद्य वापरतो, किलोला दीड-दोन किलो लागते. महाग आहे, पण पाणी कमी घाण होते. त्यातही मासळीची भुकटी असतेच, ते मी लपवत नाही. म्हणून तर म्हणतो, सोयापेंड, कीटकांच्या अळ्या, जे काही स्वस्त पडेल त्यावर इथे प्रयोग करा.

आणि एक उलट प्रश्न. तुमच्या मानशीच्या जाळ्याचा आस किती? चोणकाची पिल्ले बालवाडीत येतात म्हणता, मग ओहोटीला त्याच दारातून बाहेर पडताना त्यांचे काय होते?

सागरविद्यार्थिनी, दोना पावला

मी समुद्रविज्ञान शिकते, त्यामुळे पाण्यापुरते बोलते. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटलीय. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या किनाऱ्याजवळ खालचे पाणी वर सरकते आणि त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) शास्त्रज्ञ कांदोळीसमोर एकाच ठिकाणी १९९७ पासून सातत्याने हे मोजत आलेत. काही वर्षी तळाशी सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडसुद्धा सापडतो. समुद्रात पिंजरा टाकायचा तर खोली आणि महिना हे बघूनच ठरवायला हवे. जून ते ऑगस्ट लाटा टिकू देत नाहीत आणि लगेच हा काळ येतो, म्हणजे हाती राहतात सातेक महिने. खाडीत लाटा नसतात, पण पावसात पाणी एकदम गोडे होते आणि पुराबरोबर गाळ येतो.

काका, खाजनाबद्दल एक शंका. तिथले पाणी उथळ. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी किती तापते, पहाटे त्यात प्राणवायू किती उरतो, याच्या नोंदी तुमच्या कूळ संघटनेकडे (खाजन कसणाऱ्यांच्या संघटनेकडे) आहेत का? वहीत रोज दोन आकडे लिहिले तरी मोठे काम होईल.

म्हापसा बाजार

मी पंचवीस वर्षे मासळी विकते. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन रसायन असल्याची बातमी आली तेव्हा आम्ही टोपल्या घेऊन बसून राहिलो, गिऱ्हाईक बघून पुढे जायचे. तेव्हापासून लोक विचारतात, "बाये, हे गावचे की बाहेरचे?" मानशीचे सुंगट म्हटले की भाव न करता घेतात. पिंजऱ्याचा चोणक ठेवला तर हात लावून बघतात, कल्ले उघडतात, मग म्हणतात चव वेगळी. चव वेगळी आहे की नाही मला ठाऊक नाही, पण ताजा असतो हे मी खात्रीने सांगते. सकाळी काढलेला दहा वाजता माझ्यासमोर. संशोधन करा, पण बर्फाचे, पेटीचे, आम्ही बसतो त्या ओट्याचेही करा. निम्मी नासाडी तिथे होते, याचा विचार बैठकीत कोणी करत नाही.

आंध्रला राहून आलेला, फोंडा

कोळंबीबद्दल सावध राहा. नव्वदीच्या मध्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने टायगर कोळंबीची तळीच्या तळी गेली, गावे कर्जात बुडाली. शेतजमीन आणि विहिरी खाऱ्या झाल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर १९९६ मध्ये किनारपट्टीवरची तळी उठवायला सांगावे लागले, पारंपरिक पद्धत तेवढी वगळली. नंतर २००५ चा कायदा आला, २००९ पासून व्हॅनामी आली. खाजनात व्हॅनामीची तळी खोदू देऊ नका. बांध एकच असतो, एकाच्या तळ्यातला रोग सगळ्या पोयींत (खाजनातल्या तळ्यांत) जाईल.

पिंजरेवाला, काणकोण

यावर माझे दुमत नाही. खाजन खोदू नये. पण खाजनकर भाऊ, आसाचे उत्तर राहिले.

खाजनकर, पेडणे

काल पौर्णिमा होती. उत्तर देण्याआधी ओहोटीला मानशीवर गेलो, सोबत पोराची शाळेतली पट्टी. आस १२ मिलिमीटर भरला. मत्तीचे दार जाऊन लोखंडी आलेय, तेही गंजून अर्ध्यावर अडकलेले. जाळे उपसले तेव्हा सुंगटांत बोटाएवढे चोणक निघाले, मी मोजले, तेवीस. शेपटी आखूड, अंगावर अजून पिल्लाचे पट्टे. मानस घेतलेल्याला म्हटले, हे परत सोड. तो म्हणाला, "पावणीत मी किती भरलेत ते तू भरतोस का?" वाईट माणूस नाही तो. दोन मुले शिकवतो.

तेव्हा तुमचे बरोबर होते, मी ते आधी मोजायला हवे होते.

पिंजरेवाला, काणकोण

ती तेवीस पिल्ले जिवंत ठेवली असती तर मी विकत घेतली असती. हॅचरीची (मत्स्यबीज केंद्राची) बोटुकली लांबून मागवावी लागतात, वाटेत मरतात. मानसवाल्यांनी पिल्ले आम्हाला विकावीत, त्यांचेही भागेल, आमचेही.

खाजनकर, पेडणे

नको. एकदा पिल्लाला भाव लागला की तो आस १२ चा ८ करील आणि नदीच्या मुखाशी एकही चोणक अंडी घालायला पोचणार नाही. पिंजऱ्यासाठी जे अनुदान येते त्यातला थोडा वाटा पावणीत वळवावा. जो २० चा आस लावेल आणि महिन्यातल्या उधाणाच्या चार रात्री जाळे लावणार नाही, त्याची रक्कम तेवढी कमी. पुढच्या पावणीआधी कूळ संघटनेच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. दोना पावलाच्या ताई, वही आजच आणली. पहाटेचे पाणी कशाने मोजायचे तेवढे सांगा.