७.६२ बाय ५१ च्या रायफलीला फुल ऑटो हवंच कशाला?

रानवाट: २०१९ मध्ये ७२,४०० आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० सिग ७१६ रायफली भारतानं मागवल्या, आणि जुन्या एसएलआर रायफलीचं ७.६२ बाय ५१ मिलिमीटरचं काडतूस जवानाच्या हातात परत आलं. तेव्हापासून ‘एवढी ताकद असेल तर फुल ऑटोही हवं’, म्हणजे घोडा दाबून धरला की गोळ्या सलग सुटायला हव्यात, असं जो तो म्हणतो. मला हे साफ चूक वाटतं.

गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास. इन्सास रायफलीची गोळी ४ ग्रॅमची. म्हणजे खांद्याला दुपटीहून जास्त रेटा. शिवाय नळी बटच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) वर असली की धक्का नुसता मागे येत नाही, नळीचं तोंड वर उचलतो. मिनिटाला ६५० च्या गतीनं सेकंदात अकरा गोळ्या. पहिली नेमावर, तिसरी कुठे गेली ते विचारू नका. अमेरिकेनं १९५७ मध्ये एम१४ स्वीकारली आणि पुढे बहुतेक जवानांच्या रायफलीचं ऑटो बंदच ठेवलं. ब्रिटिशांच्या आणि आपल्या एसएलआरला तर ते नव्हतंच.

माजी सुभेदार: कागदावर बरोबर आहे. पण घरात शिरताना दहा मीटरवर नेम धरायला वेळ कुठे असतो? काश्मीरमध्ये पोरं एके-४७ का मागायची? ऑटोचं बटण असू द्या. वापरायचं की नाही ते जवान ठरवेल.

रानवाट: सुभेदारसाहेब, एकेचं काडतूस ७.६२ बाय ३९. गोळी ८ ग्रॅम, वेग ७१५ च्या आसपास. धक्का जवळपास एक तृतीयांशानं कमी, म्हणून ती ऑटोवर आवरते. तुम्ही म्हणता त्या कामाला अमेठीत बनणारी, त्याच काडतुसाची एके-२०३ आहेच.

नेमबाज_सातारा: धक्क्याचा एवढा बाऊ कशाला? बट खांद्याच्या खोबणीत घट्ट, गाल बटवर, अंग पुढे झुकलेलं, पुढच्या हातानं रायफल मागे ओढलेली आणि दोन-दोन गोळ्यांची फैर. नळीच्या रेषेतला सरळ बट आणि मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, वायू वळवून धक्का कमी करणारा भाग) असेल तर तोंड फारसं उचलत नाही. पोरांना राउंड पुरेसे द्या, सराव होऊ द्या.

अनुजा: मझल ब्रेकचा आवाज आणि झोत शेजारच्या जवानाला सोसावा लागतो, तेही मोजा. आणि सरावानं वजन वाढत नाही! हेच काडतूस नेगेव्ह एलएमजी (हलकी मशीनगन) सलग मारते, कारण ती साडेसात किलोच्या वर आहे आणि दुपायीवर टेकते. २०२० मध्ये १६,४७९ घेतल्या त्या याच कामासाठी. वीस गोळ्यांची मॅगझिन तर दोन सेकंदांत रिकामी, मग जवानानं करायचं काय?

माजी सुभेदार: ताई, एलएमजीवाला जखमी झाला तर त्या क्षणी सेक्शनकडे, म्हणजे त्याच्या छोट्या तुकडीकडे, काय उरतं? वीस तर वीस. समोरच्याचं डोकं खाली राहिलं की आपला माणूस ओढून आणता येतो. तेवढ्यासाठी तरी बटण हवं. मी मत बदलणार नाही.