आमच्या आमसुलांना ट्रस्ट, सहकारी संस्था की कंपनी?

आगळवाली, देवरुख
आम्ही बाराजणी आमसुलं, आगळ, फणसपोळी करतो. आजवर बचत गटावर भागलं. आता पुण्याचा एक दुकानदार दर महिन्याला माल उचलायला तयार आहे, पण पक्कं बिल हवं म्हणतो. गावातले काका म्हणतात ट्रस्ट काढा, देणग्या येतील. भाचा म्हणतो सेक्शन ८ कंपनी, म्हणजे ना-नफा कंपनी. मला देणग्या नकोत. नफा झाला तर शिमग्याआधी बायकांच्या हातात पडावा, जिने जास्त आमसुलं वाळवली तिला जास्त. काय करू?

जमाखर्च
सेक्शन ८ मध्ये मालाचे पैसे देता येतील, पण वर्षाअखेर उरलेला नफा सभासदांत वाटता येत नाही. ट्रस्टचंही तेच. वर ट्रस्टची जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. काकांना चहा पाजा आणि विषय बदला.

गिरगावकर
लिज्जत कुठे कंपनी आहे? 1959 साली सातजणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली, 1966 मध्ये सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी; कागदावर सहकारी नव्हे, पण मालकी बायकांचीच. मग तुम्हाला सहकारी संस्था का नको?

द्राक्षबागवाला, दिंडोरी
सहकारीत नोंदणीला किमान दहाजण लागतात, तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. ताई, आधी घरं मोजा.
मी स्वतः शेतकरी उत्पादक कंपनीचा सभासद आहे, म्हणून तिकडे झुकतं माप. किमान दहा उत्पादक, त्यातून किमान पाच संचालक. कुटीरोद्योगाचा मालही कायद्यात बसतो, त्यामुळे आगळ चालेल. शेअर कितीही घ्या, मत एकच. आणि तुम्हाला हवं तेच: वर्षाअखेरचा बोनस ज्याने जितका माल घातला त्या हिशेबात. आमच्याकडे त्यासाठी प्रत्येकाच्या वजनपावत्या जपून ठेवतात. तुम्हीही आजपासून कोणी किती किलो आणलं ते वहीत सही घेऊन लिहा.
जाच दोन. वार्षिक फॉर्म उशिरा भरला की फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये, त्यामुळे सीए हवाच. दुसरं, बाहेरचा पैसेवाला भागीदार करून घेता येत नाही. नाशिकच्या सह्याद्री फार्म्स या मोठ्या उत्पादक कंपनीनेही 2022 मध्ये परदेशी गुंतवणूक घेतली ती उपकंपनीत.

आगळवाली, देवरुख
पैसेवाला इथे कोण येतोय! घरं मोजली. बाराजणींत चार सासू-सुनांच्या जोड्या, म्हणजे घरं आठच. सहकारी बाद. उत्पादक कंपनीत सासू-सून दोघी चालतील ना?

द्राक्षबागवाला, दिंडोरी
चालतील, दोघी स्वतः उत्पादक असल्या की झालं. वजन मात्र दोघींच्या नावावर वेगवेगळं लिहा, नाहीतर बोनसच्या दिवशी घरात भांडण.