सेवेला लागल्यावर विश्वासाचं काय झालं? अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत कृपादानांवर, म्हणजे सेवेसाठी देवाने ज्याला-त्याला दिलेल्या देणग्यांवर, वर्ग घेतला. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातली सातही दानं फळ्यावर लिहिली: संदेश, सेवा, शिक्षण, बोध, दान, पुढारपण, दया. मग विचारलं, यातलं तुमचं कोणतं? सगळे गप्प. एकजण म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा ना माझं कोणतं ते."

म्हणून हा धागा. प्रवचन नको. सेवेला लागल्यावर विश्वासात काय हललं तेवढं लिहा. फसलं असेल तर तेही लिहा. कुणाचं नाव मात्र घेऊ नका.

सुरुवात मीच करते. माझं दान शिकवण्याचं, असं मीच ठरवून टाकलेलं. बारा वर्षं संडे स्कूल घेतलं. मग भेटींच्या गटात माणूस कमी पडला म्हणून अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांकडे जायला लागले. पक्षाघाताने वाचा गेलेली. पहिल्या दोन भेटींत मी शास्त्रभाग समजावत बसले आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या वेळी त्यांच्या उजव्या हाताची नखं दिसली. मुलगी म्हणाली, त्या हाताला कुणाला हात लावू देत नाहीत. मी कोमट पाणी आणि नेलकटर मागितलं. मूठ घट्ट आवळलेली. एकेक बोट भिजवून उलगडावं लागलं, तळहातात नखांचे वळ उठले होते. हात चालू असताना तोंडाने स्तोत्र २३ सुरू होतं, मुलांकडून पाठ करून घेताना म्हणते तसंच. 'मला काही उणे पडणार नाही' पाशी त्यांचे ओठ हलले. पाच बोटांना पाऊण तास लागला.

योहान १३, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो अध्याय, मी निदान दहा वेळा शिकवला असेल. खाली बसून गुडघे किती दुखतात हे एकदाही मनात आलं नव्हतं.

*

आमच्याकडे गाणारे पुष्कळ, साउंडवर बसायला कुणी नाही. मला तारा, जोडण्या कळतात म्हणून मी बसलो. काम नीट झालं तर मी तिथे आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. माइकने शिट्टी मारली की अख्खी मंडळी मान वळवून बघते!

खरी अडचण वेगळीच होती. प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात तेव्हा माझे उघडे असतात, कारण कुणाचा माइक कधी बंद करायचा ते बघायचं असतं. वर्षभर वाटत राहिलं की रविवारी सगळ्यांची उपासना होते आणि माझी ड्युटी. एकदा लवकर जाऊन माइक तपासताना 'हॅलो, वन टू थ्री' म्हणायचा कंटाळा आला म्हणून स्तोत्र १ वाचलं. रिकाम्या खुर्च्या आणि आपलाच आवाज. पुढच्या रविवारी स्तोत्र २. एकूण दीडशे, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. आता दुसरी फेरी चालू आहे. विलापाची स्तोत्रं इतकी आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. मन वाईट असतानाही देवाशी बोलायला हरकत नाही, हे मी तिथे शिकलो.

*

मी पाळकांची, म्हणजे आमच्या पास्टरांची, टिपणं टाइप करून देते, बस. रोम १६:२२ उघडून बघा. प्रेषित पौल सांगत होता आणि पत्र उतरवून घेत होता तर्तिय. मध्येच स्वतःचा सलाम घुसवलाय पठ्ठ्याने. माझा आवडता माणूस.

*

हिशेब हे कृपादान असू शकतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. खजिनदार झालो तेव्हा पहिला नियम कळला: अर्पण दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सही करायची. मला राग आला. माझ्यावर भरवसा नाही का? त्या रागातच २ करिंथ ८ वाचला. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठीची वर्गणी पौल एकट्याच्या हाती ठेवत नाही, सोबत इतर बंधू पाठवतो, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. पौलाला चालतं ते मला का चालू नये?

आणखी एक. घड्या पडून पडून मऊ झालेली एक छोटी नोट दर आठवड्याला पेटीत असते. कुणाची ते माहीत नाही, शोधायचंही नाही. माझं अर्पण तोवर महिनाअखेरीस उरलं तर जायचं. आता पगार झाला की आधी ते बाजूला निघतं.

*

रंगाचा बेरंग करते, माफ करा. मी पाच गटांत होते. 'नाही' म्हटलं तर देवालाच नाही म्हटल्यासारखं आमच्याकडे वागवायचे. तीन वर्षांत माझी स्वतःची प्रार्थना बंद पडली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण गटात मोठ्याने प्रार्थना करायला मीच असायचे. शेवटी सगळं सोडलं. आठ महिने मागच्या बाकावर नुसती बसले. निर्गम १८ मध्ये इथ्रो जावयाला सांगतो, हे काम तुला एकट्याला झेपायचं नाही, माणसं नेम. मोशेला सांगणारा सासरा तरी होता! आता एकच काम करते, आजाऱ्यांना फोन. विश्वास वाढला का? सेवा सोडल्यावर वाढला, असं लिहिलं तर चालेल का इथे?

*

चालेल. १ पेत्र ४:११ मध्येही सेवा करायची ती देव पुरवील त्या शक्तीने. तिथेच रहा ताई, पाच गटांत परत जाऊ नका. — धागाकर्ती

*

मी विश्वासणारा वगैरे नव्हतो. गाडी आहे म्हणून शेजारच्या काकूंनी विचारलं, रविवारी तीन म्हाताऱ्यांना चर्चला सोडशील का? सोडायचो आणि बाहेर मोबाइल बघत बसायचो. मग त्यांतल्या एकीला जिने चढवत नाहीत म्हणून हात धरून आत न्यायला लागलो. मग परत बाहेर कुठे जायचं, म्हणून थांबलो. दोन वर्षं होतील. बाप्तिस्मा घेतलेला नाही, प्रश्न बरेच आहेत, पाळकांना विचारतोय. मागच्या सीटवर तिघी माझ्यासाठी प्रार्थना करतात, मोठ्याने, गाडी चालू असताना. संपली की म्हणतात, "बाळा, डोळे मिटून आमेन म्हण." मी म्हणतो, आमेन म्हणतो, डोळे राहू द्या.