पोरगी पाजलं की दूध टाकते, पण हसते-खेळते. औषध द्यावं का?

राळेगावची सून

नमस्कार. माझी पोरगी साडेतीन महिन्यांची आहे. पाजलं की दूध टाकते. कधी लगेच, पातळ. कधी अर्ध्या-पाऊण तासानं, फुटकं अन् आंबूस. जवळपास प्रत्येक पाजण्यामागं असंच. अन् टाकून झालं की हसते! काल आजोबांच्या धुतल्या सदऱ्यावर खांद्यापासून खिशापर्यंत ओघळ काढला, अन् ते फडकं मागेपर्यंत ही त्यांच्या मिशा ओढून राहिली.

वजन लिहिते म्हणजे तुम्ही विचारणार नाही. जन्माला 2 किलो 700. दहा आठवड्यांच्या लसीला 5 किलो, चौदा आठवड्यांच्या लसीला 5 किलो 800. दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. अंगावरच पिते, वरचं काहीच नाही. ताप नाही, पोट फुगत नाही.

आता खरा ताप. सासूबाई म्हणतात, "तुह्यं दूध फाटून राहिलं बाई, म्हणून तर दही पडते. शेळीचं लाव." मोठ्या जाऊबाई म्हणतात घुटी सुरू कर. शेजारच्या काकू मीठ-मोहरी ओवाळून गेल्या. त्यानं कोणाचं बिघडत नाही म्हणून मी गप्प बसली. आमचे हे तालुक्याला खत आणायला गेले तर मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न पाहताच उलटीचे थेंब काढून दिले. ती बाटली अजून फोडली नाही, फळीवर तशीच आहे. सासरे म्हणतात पालथी झोपव, म्हणजे घशात जाणार नाही.

त्यात झड लागली आहे. घरात दोरीवर दुपटीच दुपटी, अन् एकही धड वाळत नाही. सगळ्या घराले आंबट वास. सासूबाई निंदणाले गेल्या की मी दिवसभर धुतच असते. हे दुखणं आहे का? अन् थेंब द्यायचे का नाही?

आर्वीची माय

ताई, माझा पोरगा अस्साच होता. आता दुसरीत आहे अन् ताटातलं टाकते फक्त पालक.

औषधाचं जाणकार सांगतील, मी धुण्याचं सांगते. दर वेळी झबलं बदलू नको. जुन्या सुती लुगड्याचे चौकोन फाड, गळ्याखाली लाळेरं बांध, तेवढंच बदल. टाकलेलं फडकं लगेच थंड पाण्यात बुडव. गरम पाणी आधी घातलं की दूध कापडात बसते अन् वास जाता जात नाही. रात्री मी बाजेवर डोक्याशी एक फडकं घट्ट अंथरून कडा गादीखाली खोचत होती. ओलं झालं की तेवढंच ओढून काढायचं, अख्खी गोधडी धुवायची नाही. अन् सुती साडी नेस घरी. मी लग्नातल्या सिंथेटिक साड्या नेसून दोन महिने वास मारत फिरली.

उपकेंद्राची जुनी सिस्टर

बाई, मी उपकेंद्रात नोकरी केली, आता घरी नातवंडं सांभाळते. तू वजन लिहिलंस हे फार चांगलं केलंस. चार आठवड्यांत 800 ग्रॅम वाढलेल्या लेकराच्या पोटात काही राहत नाही, असं कोण म्हणते? लंगोट ओले, लेकरू हसरं, वजन चढतं. याला दुखणं म्हणत नाहीत.

अन्ननलिका जिथं पोटाला मिळते तिथला झाकणासारखा स्नायू तान्ह्या लेकराचा ढिला असतो. त्यात खाणं सगळं पातळ, अन् लेकरू दिवसभर आडवं. वर येणारच. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असते, म्हणजे तू आत्ता ऐन भरात आहेस. बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की कमी होते. वर्षाचं होईपर्यंत दहातल्या नऊ लेकरांचं थांबून जाते.

दही पडते म्हणजे तुझं दूध खराब, हे सासूबाईंच्या मनातून काढ, पण भांडून नको. पोटात आम्ल असते, त्यानं कोणाचंही दूध फुटतेच. लगेच टाकलं तर पातळ येते, थोडं थांबून टाकलं तर फुटकं. फुटणं म्हणजे पचायला लागलं. शेळीचं अजिबात लावू नको. त्यात फोलेट कमी असते, लेकराचं रक्त कमी होते, अन् क्षार जास्त, ते इवल्याशा किडनीला झेपत नाहीत. घुटीही नको, पाणीही नको, सहा महिने अंगावरचंच. जाऊबाई घुटीत मध घालत असतील तर त्यांना स्पष्ट सांग, वर्षाच्या आत मध कधीच नाही.

किती टाकलं हे नजरेला कळत नाही. चहाच्या चमच्यानं एक चमचा दूध दुपट्यावर ओतून पाहा, केवढा डाग पसरते ते. घरच्यांसमोर ओत.

पाजताना मध्ये एकदा अन् शेवटी एकदा खांद्यावर उभं घे, पाठीवर हात फिरव. ढेकर आला तर आला, थापट्या मारून काढायचा नाही. मग वीसेक मिनिटं उभंच धर. मांडीवर बसवू नको. या वयाचं लेकरू बसवलं की पुढे ढेपाळते, पोट दाबलं जाते अन् उलट जास्त टाकते. लंगोटाची गाठ पोटावर आवळू नको. आमच्या गावच्या न्हाणवणाऱ्या बाईला मी किती वर्षं सांगितलं, भरल्या पोटी तेल लावून पाय पोटाला दाबू नको म्हणून! मालिश-आंघोळ आधी, पाजणं नंतर. दूध जोरात येऊन लेकरू ठसकत असेल तर तू मागं रेलून पाज.

झोपवायचं पाठीवरच. सासऱ्यांची भीती मला समजते, पण पाठीवर असताना श्वासनळी वरच्या बाजूला असते अन् अन्ननलिका खाली, म्हणून वर आलेलं दूध श्वासनळीत सहजी जात नाही. पालथं झोपवल्यानं झोपेतच लेकरू दगावायचा धोका वाढते. डोक्याखाली उशी नको. लुगड्याच्या झोळीत लेकराची हनुवटी छातीला टेकते अन् पोटाची घडी पडते, तेव्हा पाजल्याबरोबर झोळीत टाकू नको, अन् झोपली की काढून सपाट जागी ठेव.

थेंब मेडिकलवाल्याला परत कर. उलटी थांबवायच्या काही थेंबांनी हृदयाच्या ठोक्यांत गडबड होऊ शकते, अन् आम्ल कमी करायच्या औषधानं दूध टाकणं थांबत नाही, फक्त टाकलेलं कमी आंबट होते. हसऱ्या लेकराला दोन्हीची गरज नाही.

घाटंजीचा मामा

सिस्टर, तुमचं बरोबर आहे, पण सगळ्यांनाच "काही नाही, काही नाही" म्हणू नका. माझा भाचा महिन्याचा होता. आम्हीही दूध टाकते टाकते म्हणत राहिलो. मग एक दिवस असं फेकलं की बाजेच्या पलीकडं भिंतीला लागलं. फेकलं की लगेच भुकेनं रडायचा. वजन उतरलं, लंगोट कोरडे पडायले लागले. सोनोग्राफीत पोटाचं खालचं तोंड जाड झालेलं निघालं. ऑपरेशन झालं. आता बैलजोडीमागं पळते, पण तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

उपकेंद्राची जुनी सिस्टर

मामा, बरं झालं लिहिलं, हे माझ्याकडून यायलाच पाहिजे होतं. ते दुखणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत दिसते, पोरांना पोरींपेक्षा जास्त. खूण तुम्हीच सांगितली: ओघळ नाही, पिचकारी, अन् दर वेळी वाढत जाणारी. ऑपरेशन लहान असते अन् त्यानं लेकरू पूर्ण बरं होते.

राळेगावची, तूही लक्षात ठेव. उलटी हिरवी आली तर तासभरही थांबायचं नाही, आतडं अडकलेलं असू शकते. रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखं काळपट पडलं, पोट फुगून टणक झालं, ताप आला, लेकरू मलूल पडलं, लंगोट सहा-सहा तास कोरडा राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना. 102 ला फोन केला की गाडी येते, अन् वर्षाच्या आतल्या लेकराला सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत. पाजताना धनुष्यासारखी ताणून रडत असेल, स्तन तोंडात घेतच नसेल, किंवा वजन अडलं असेल, तर धावपळ नको, पण त्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखव.

म्हणून महिन्याच्या महिन्याला अंगणवाडीत वजन कर अन् कार्डावरची रेघ पाहा. तिसऱ्या महिन्यानंतर आशाताईची घरभेट सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्याला असते. (नवजात बाळाच्या घरभेटीचं हे काम आपल्या गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी उभं केलं अन् तिथून देशभर गेलं, हे आपल्या पोरींनाच माहीत नसते.)

राळेगावची सून

सिस्टर, चमचाभर दूध ओतलं काल. सगळे ओसरीतच होते. डाग ताटलीएवढा पसरला. सासूबाई दोन मिनिटं पाहत राहिल्या अन् म्हणाल्या, "बाप्पा, एवढुसं दूध, अन् मी समजे वाटीभर टाकते!" शेळीचा विषय बंद. फुटण्याचं मात्र अजून पटलं नाही, म्हणतात मले शिकवतं का.

थेंब ह्यांनी परत नेले, दुकानदारानं पैसे दिले नाहीत, बदल्यात साबण दिला. कामीच आला. झोळीतून काढून खाली ठेवली की पोरगी जागी होते, त्याचं काय करू? अन् सहा महिन्यांनी वरचं सुरू करताना जास्त टाकेल का?

उपकेंद्राची जुनी सिस्टर

झोप गाढ लागू दे, हातपाय ढिले पडले की मग उचल. आधी कंबर टेकव, डोकं शेवटी, अन् छातीवर हात थोडा वेळ राहू दे. चार दिवस रडेल.

सहा महिने झाले की वरण-भात मऊ कुस्करून, वर थोडं तूप घालून सुरू कर. चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट ठेव, डाळीचं पाणी पाजत बसू नको. घट्ट खाणं पोटात जास्त टिकते, टाकणं बहुतेक कमीच होईल. टाकलेल्या भाताचा डाग मात्र हळदीचा असतो, तेव्हा पांढरे सदरे आजोबांना तेवढे दिवस कपाटात ठेवायला सांग.